होय बाजूची नावे

बाबुराव वाचत होता आणि मी ओल्या मुद्रितावर नजर फिरवत होतो.

सरकारी छापखान्यात मला अठरा वर्षं झाली. कामाची रीत अशी, की समोरचा माणूस मूळ प्रत मोठ्याने वाचतो, अगदी स्वल्पविराम, कंस, पूर्णविरामासकट, आणि मुद्रितशोधक छापलेल्या कागदावर चुका धरतो. विधानसभेचं कामकाज आमच्याकडे असंच तपासलं जातं. समोरच्याला ते पाठ झालं तरी कळलेलं नसतं, आणि ते बरंच असतं.

"मतविभागणी," बाबुराव म्हणाला. "होय बाजूची नावे. कंस, एकशे बारा, कंस पुरा." आणि तो नावं म्हणू लागला. नामावळीसारखी त्याची एक चाल होती. 'क' संपला.

"खाडे, स्वल्पविराम, खेडकर, स्वल्पविराम, गायकवाड..."

"थांब. 'ख' परत वाच."

"खाडे, खेडकर."

"खाडेच्या आधी?"

"आधी कोयंडे. का रे?"

"मधे काही नाही?"

"मधे काय असणार? स्वल्पविराम!" तो हसला. "हे सभासद बोलतात मराठीत आणि खोकतात इंग्रजीत. लिहून घेणाऱ्याच्या हातून एखादं नाव सुटलं असेल."

मी मूळ प्रत मागून घेतली. त्यातही नव्हतं. नाही बाजूची नावं पण मी स्वतः वाचली, एकशे शहाण्णवच्या एकशे शहाण्णव. तिथेही शामराव खवणेकर नव्हता. दोन्ही बेरजा बरोबर होत्या.

"चहा सांगू?" बाबुरावने विचारलं.

मी म्हटलं, सांग. चहा आला, मी प्यालो.

आता हे सांगायला हवं, की ज्या ठरावावर ही मतविभागणी झाली, तो माझ्या मुलाचा होता. म्हणजे मांडला होता दादरच्या एका सभासदाने, पण होता जयवंताचा आणि त्याच्यासारख्या आणखी तीन-चार जणांचा. छप्पन सालच्या पौषात लालबागच्या नाक्यावर आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, तेव्हा जयवंत जेवायला बसला होता. खाली ओरडा झाला तसा हात न धुता उठला. गोळी पोटात लागली. परळच्या इस्पितळात तो सत्तर दिवस होता आणि फाल्गुन वद्य द्वितीयेला गेला. तोपर्यंत गोळीबारात गेलेल्यांची सरकारी यादी बंद झाली होती. दाखल्यावर मरणाचं कारण ताप असं पडलं. ताप होताच, खोटं नव्हतं ते. ठराव एवढाच होता, की जखमी होऊन मागाहून दगावलेल्यांची नावंही त्या यादीत धरावीत. बाकी काही मागणं नव्हतं. तो पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. विरोधी बाकांवर माणसं किती आणि समोर किती, हे शाळेतलं पोर सांगेल.

पण शामराव म्हणाला होता, "रमाकांत, पडू दे. होय बाजूला माझं नाव छापून येईल. ते पान तूच तपासशील. छापलेलं कुणाला पुसता येत नाही."

शामराव आमच्या लालबागचा आमदार. आमदार झाला सत्तावन्नला, त्याआधी वीस वर्षं तो आमच्या विठ्ठलमंदिरात कीर्तनाला बुवांच्या मागे झांज घेऊन उभा राहायचा. आमदार झाला तरी झांज सोडली नाही. जयवंताला खांदा दिलेल्या चौघांतला तो एक. ठराव पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी, रविवारी, परळच्या मैदानात सभा होती. माईकसमोर येऊन तो म्हणाला होता, "शुक्रवारी हा शामराव खवणेकर होय बाजूला स्वतःच्या पायांनी चालत गेला! समोर दोनशे होते. असोत!" टाळ्या थांबेनात. बायकांच्या बाजूला राधाबाई, माझी बायको, बसली होती. घरी येताना ती म्हणाली, "बरां बोलले भावजी."

ती नावं तपासली त्या दिवशी छापखान्यातून मी चालतच घरी आलो. राधाबाई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "पान वाढलं त्या दिवशी शामराव किती वाजता गेला?"

ते पान म्हणजे काय, तेही सांगतो. बापाने मुलाचं श्राद्ध करायचं नसतं, असं भटजी म्हणाले. आम्हांला दुसरा मुलगा नाही. म्हणून राधाबाई तिथीला नुसतं एक पान वाढते. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. त्या पानावर शामराव जेवतो, खांदा दिलेला म्हणून. यंदा द्वितीया शुक्रवारी आली, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. अधिवेशन चालू असताना आमच्या खात्यात रजा मिळत नाही, तेव्हा मी घरी नव्हतो.

"सव्वाचार वाजून गेले होते," ती म्हणाली. "कित्याक?"

"एवढा वेळ?"

तिचा हात सुपात थांबला. मग तिने सांगितलं. शामराव दोनलाच येणार होता, पण सकाळच्या कुठल्या बैठकीत अडकला. जेवायला बसायलाच साडेतीन झाले. पहिला वडा मोडला तोच खालच्या दुकानातला दगडू धावत वर आला. विधानसभेच्या कौन्सिल हॉलमधून फोन होता. आधीचे दोन ठराव मागे घेतले, तुमचा आत्ताच निघाला, टॅक्सी करून या, साहेब.

"उठायला लागले ते," राधाबाई म्हणाली. "मी म्हटलं, भावजी, अर्ध्या पानावरनं उठू नकात. एकदा या घरात असां झालां. परत नको. एवढं पान पुरं करा आणि मग जावा." तिने सुपातला एक खडा काढून टाकला. "बसले परत. सगळं खाल्ल्यानी. खीर पण मागून घेतली. मला वाटलं, टॅक्सीने गेले म्हणजे पोचले असतील."

"नाही पोचला."

"पण सभेत..."

"सभेत म्हणाला. कागदावर नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं. शेजारच्या खोलीत कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं. मग ती म्हणाली, "अवो, पण कागद तुमच्याच हातात आसा ना? मग घाला नाव."

"तसं घालता येत नाही."

"येत नाय की घालायचं नाय?"

खरं तर घालता येतं, हे मला माहीत होतं. खाडेच्या आधी एक तिरकी रेघ, समासात नाव, आणि वर एकशे बाराचे एकशे तेरा. बाबुराव काही बोलला नसता. अठरा वर्षांत माझं मुद्रित कुणी उलटून पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा समोर आलं, अखेरच्या सहीसाठी. मी पेन उचललं. बुवा नेहमी सांगतात, देवाच्या दारी नाव घ्यावं, घुसडू नये. ते आठवलं म्हणून नव्हे. पान जसं होतं तसंच बरोबर होतं, त्यात चूक नव्हती, म्हणून मी खाली सही केली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रामनवमी. पाडव्यापासून देवळात रोज कीर्तन होतं, आणि जन्माच्या दिवशी तर बुवांचा आवाज असा लागतो, की खांबसुद्धा ऐकत असावेत. पूर्वरंगात नामाचा महिमा लावला होता त्यांनी. एरवी मी डोलतो, टाळी धरतो. त्या दिवशी टाळी हातून आपोआप होत होती, एवढंच. मागे शामराव झांज वाजवत होता. एकदाही चुकला नाही. बाराला गुलाल उधळला, पाळणा सुरू झाला. बायका दोरी ओढायला पुढे गेल्या. राधाबाई गेली नाही. ती भिंतीशी बसून राहिली.

आमच्या देवळात कीर्तन संपलं, की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहानमोठं पाहायचं नाही, समोर येईल त्याच्या. शामराव माझ्यासमोर आला आणि मी वाकायच्या आत तो वाकला. उठला तेव्हा त्याच्या हातावर सुंठवडा होता आणि कपाळावर गुलाल.

मी म्हटलं, "होय बाजूला तुझं नाव नाही."

त्याने विचारलं, "छापून झालं?"

"काल सही केली."

"मी पोचलो तेव्हा दारं लागली होती," तो म्हणाला. "घंटा संपली की शिपाई दारं लावतो. आतून मोजणी ऐकू येत होती मला. बाहेरच्या बाकावर बसलो."

"मग सभेत कशाला बोललास तसं?"

"नव्हतं बोलायचं. आईशप्पत. माईकसमोर गेलो आणि पुढेच वहिनी दिसल्या. त्यांना वाटायला नको, रमाकांत, की त्यांच्या वड्यांपायी..."

"आमच्या वड्यांचां आमी बघू," मागून राधाबाई म्हणाली. ती कधी उठून आली ते आम्हांला कळलं नव्हतं. "भावजी, मी तुम्हांक जेवायला बसवलेलंय. खोटं बोलूक सांगलेलंय काय?"

शामराव खाली पाहू लागला. एवढा मैदान गाजवणारा माणूस, सुंठवडा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता.

"वहिनी, काय करू सांगा."

"तिकडे बोलूक मिळतां ना तुम्हांला? थंय उभे राहा आणि सांगा कुठे होतात ते. पान कोणाचं होतं, तेही सांगा."

"विरोधक पत्रकं काढतील माझ्यावर. पुढल्या निवडणुकीला..." तो थांबला. "आपलेच लोक काढतील आधी."

"काढूंदेत," ती म्हणाली. "पण तां छापून येतां ना? त्याचं नाव येतां ना?"

शामरावने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सभासदाने खुलासा केला तर शब्दन् शब्द छापतात. नियम आहे."

शामराव राधाबाईच्या पाया पडायचा राहिला होता, तो पडला आणि गेला.

एप्रिल निम्मा सरला. एका दुपारी बाबुरावने नवा गठ्ठा सोडला आणि वाचायला लागला. प्रश्नोत्तरं झाली. मग तो म्हणाला, "व्यक्तिगत खुलासा. श्री. शामराव खवणेकर, अपूर्णविराम." आणि माझ्याकडे एकदा पाहून पुढे वाचलं.

"अध्यक्ष महाराज, स्वल्पविराम, दिनांक सात मार्च रोजी मतविभागणीच्या वेळी मी सभागृहात हजर नव्हतो, पूर्णविराम. एका जाहीर सभेत मी होय बाजूला मत दिल्याचे सांगितले, स्वल्पविराम, ते असत्य होते, पूर्णविराम. त्या वेळी मी जेवायला बसलो होतो, पूर्णविराम."

बाबुराव थांबला.

"पुढे?"

"पुढे कंस आहे."

"मग वाच."

"रमाकांत, तू बघतोयस ना कागदावर? दिसतंय ना तुला?"

"रीत आहे ती. वाच."

"कंस," बाबुराव म्हणाला. "हशा. कंस पुरा."

मी खूण केली. तो वाचत राहिला, आता चाल नव्हती त्याच्या वाचण्याला. "ते पान कैलासवासी जयवंत रमाकांत तळवडेकर याचे होते, पूर्णविराम. वय वर्षे एकोणीस, पूर्णविराम. लालबाग येथे गोळी लागून तो सत्तराव्या दिवशी मरण पावला, पूर्णविराम. यादीत त्याचे नाव नाही, पूर्णविराम. मला एवढेच सांगावयाचे होते, पूर्णविराम."

त्यानंतर कंस नव्हता. अध्यक्ष म्हणाले, पुढील विषय घ्यावा. पुढचा विषय वरळीच्या कोळ्यांच्या होड्यांचा होता. तोही आम्ही वाचला. त्यात दोन चुका निघाल्या.

घरी आलो तेव्हा राधाबाई दारातच होती. रोज विचारायची, तसंच विचारलं, "इलां?"

"आलं."

"म्हणून दाखवा."

मला ते पाठ झालं होतं. बाबुराव वाचतो तसंच मी म्हटलं, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं. कंस आला तेव्हा कंसही म्हटला. गाळता आला असता. मी शेवटपर्यंत म्हटलं.

"एकोणीस पुरी नव्हती झाली," ती म्हणाली. "दोन महिने कमी होते."

"हो."

"तां सुधारता येत नाय?"

"सभासद बोलला तसं छापतात."

"असूंदे मग," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला पाणी काढून दिलं.