छत्रीवाल्या गाडीपाशी

भिमाबाईचा पाय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोडला आणि मोडल्याबरोबर तिच्या मनात पहिला विचार पायाचा आला नाही, नागपूरचा आला. धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरून ती घसरली, सून समता हातातलं टाकून धावत आली, तर ही बाई कण्हायचं सोडून विचारते, "दसऱ्याले किती दिवस राह्यले वं?" मेहकरच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि दिवाळीपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही असं बजावलं. दसरा दिवाळीच्या आधी येतो, यावर डॉक्टरांकडेही काही इलाज नव्हता.

दर दसऱ्याला गावातून जीप भरून दीक्षाभूमीला जायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकी भिमाबाईची, त्यात कुणी भाग मागायचा नाही. वंदनेला जाते, असं ती सांगे आणि ते खोटंही नव्हतं. पण उरलेलं अर्धं कारण जनकाबाई होती. दोघी वडनेर भोलजीच्या एकाच गल्लीतल्या, बरोबर बकऱ्या चारलेल्या, बरोबरच चौथीत शाळा सुटलेल्या. मग एक इकडे मेहकरच्या बाजूला दिली आणि दुसरी पार तिकडे गोंदियाच्या पुढे, आमगावला. मधे सगळा विदर्भ आडवा पडलेला. माहेरी दोघींचंही कुणी उरलं नाही, तेव्हा भेटायचं तर वर्षातून एकदा, नागपुरात, लाखो माणसांच्या गर्दीत.

अशा गर्दीत भेटायचं तर खूण पाहिजे. झाड सांगावं तर झाडं पुष्कळ, आणि पुस्तकांचे स्टॉल दरवर्षी जागा बदलतात. कार्यक्रम टीव्हीवर दाखवणाऱ्यांची गाडी मात्र दरवर्षी त्याच कुंपणाला लागून उभी असायची, टपावर भली मोठी पांढरी छत्री घेऊन. ती लांबून दिसायची. "छत्रीवाल्या गाडीपाशी" असं एकदा ठरलं आणि मग पुन्हा कधी ठरवावं लागलं नाही. जी आधी पोचेल तिनं थांबायचं. भिमाबाईनं घरच्या तुरीची डाळ न्यायची, जनकाबाईनं तिकडचा चिन्नोर तांदूळ फडक्यात बांधून आणायचा. मग दोन्ही घरी चार दिवस एकीच्या डाळीचं वरण आणि दुसरीच्या तांदळाचा भात. निघायची वेळ झाली की जनकाबाई रेंगाळायची, एक गोष्ट सांगायची राहिलीच म्हणायची, आणि भिमाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारून तिला स्टेशनच्या वाटेला लावायचं: "जाय वं बगळे, गाडी चुकीन तुही."

बगळी हे लहानपणचं नाव. बकऱ्यांमागे जनका उभी राही ती एका पायावर, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवून, काठीवर रेलून. साठी उलटली, केस पांढरे झाले, पण ती खोड काही गेली नाही. काठीच्या जागी आता कुंपणाचा खांब आला होता, एवढाच फरक.

मागच्या दसऱ्याला जनकाबाई आली नाही. भिमाबाई डाळीची पुरचुंडी मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत कुंपणाशी बसून राहिली. तिकडे जीपमधली मंडळी तिच्या नावानं बोटं मोडत होती. जनकाबाईनं दिलेला नातवाचा नंबर लावला तर फोनमधली बाई म्हणे, हा नंबर अस्तित्वात नाही. नंबर नाही म्हणजे माणूस नाही असं होत नसतं, हे समतानं तिला वर्षभर समजावून सांगितलं. भिमाबाईला ते पटायचं आणि पटूनही ती तोच नंबर पुन्हा पुन्हा लावायला सांगायची. ती डाळ तिनं वेगळ्या डब्यात तशीच ठेवली होती, घरात कुणी हात लावायचा नाही. जनका आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. ते कळायची जागा जगात एकच होती, आणि आता तिथं जायला पाय नव्हता.

गावातला टीव्ही-डिशचा फिटर नागसेन पाय बघायला आला, तेव्हा तिनं त्यालाच धरलं. "तू त जातच हायेस. छत्रीवाल्या गाडीपाशी पाहजो जरा."

"पाहीन ना मावशी. पण मी त्याईले कधी पाह्यलंच नाई. साऱ्या बाया पांढऱ्या लुगड्यात, वळखू कसा?" मग तोच म्हणाला, "तुमीच टीव्हीवर पाहा ना. दिवसभर दाखवतेत."

टीव्ही घरात होता. मुलानं, प्रसेनजितनं, पुण्याला नोकरी लागल्यावर घेतलेला, चांगला मोठा. पण महिन्याचा रिचार्ज कधीच बंद झाला होता, कारण सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, आणि घरावरची डिशची छत्री एका वावटळीत उडून वाकडी झाली होती. टीव्हीवर समतानं भरतकामाचा रुमाल टाकून ठेवला होता. समतानं आधी मोबाइलवर मागच्या वर्षीचा कार्यक्रम लावून दिला, पण त्यात माणसं तिळाएवढी. भिमाबाईनं फोन नाकापर्यंत नेला, लांब धरला आणि परत दिला.

तेव्हा नागसेननं उपाय सांगितला. रिचार्ज संपलेल्या छत्र्या गावात जागोजागी पडल्यात. कंपनी बंद झाली म्हणून छत्री मरत नाही. तिचं तोंड फक्त दुसरीकडे वळवायचं आणि फुकटवाल्या चॅनेलचा एक जुना बॉक्स जोडायचा. मग रिचार्ज नाही की काही नाही. लोकांना हे ठाऊक नाही असं नाही, पण कुणाला त्याची पडलेली नाही. एकानं छत्रीत कोंबड्यांना पाणी ठेवलंय, एकानं ती गोठ्याच्या खिडकीला लावलीय. धड, न चेपलेली अशी एकच होती. किसनरावांच्या घरची. तीत त्यांची बायको गीताबाई मिरच्या वाळवत असे.

निरोप गेला तशी गीताबाई स्वतःच आली. पायाची चौकशी झाली, चहा झाला, मग तिनं विषय काढला. "माही छत्री मागून राह्यली म्हणे तू?"

"हाव. दसऱ्यापुरती दे."

"अन मी मिरच्या कायच्यात वाळवू?"

"माही मोठी परात ने."

"परातीत पाणी साचते. छत्रीले बोल्टाचे भोकं हायेत, निथरून जाते." गीताबाईला छत्रीचे सगळे गुण पाठ होते, टीव्हीचा तेवढा सोडून. "एवढं कोणाले पाहाचं हाय तुले?"

"मैतरीण हाय एक. माहेरची."

त्यावर गीताबाईनं रिकामी कपबशी खाली ठेवली. तिचं माहेर देऊळगाव राजाचं. तिकडे जायला तिलाही आता काही निमित्त उरलं नव्हतं. संध्याकाळी गड्याच्या डोक्यावर छत्री आली, घासून धुतलेली, तरी जवळ गेलं की ठसका लागत होता. परात न्यायला मात्र गीताबाई विसरली नाही.

छत्रीच्या पुढच्या दांडीवर सिग्नल पकडणारी जी डबी असते ती नागसेननं गाव सोडून गेलेल्या शालिग्रामच्या बंद घरावरून उतरवून आणली. जुना बॉक्स मेहकरच्या बाजारात मिळाला. नागसेन घराच्या धाब्यावर चढून छत्री इंचाइंचानं फिरवत राहिला आणि खाली भिमाबाई खाटेवरून ओरडत राहिली, आलं, गेलं, मुंग्या आल्या, पुन्हा गेलं. शेवटी चित्र आलं ते असं लख्ख, की निवेदिकेच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसावा. एका बोल्टाचं भोक झिजलेलं होतं, तिथं त्यानं तारेनं आवळून दिलं. "माकडाईनं हात नाई लावला त वर्षभर हालणार नाई," म्हणाला.

दसऱ्याच्या पहाटे जीप गेली. बौद्धवाड्यात मागे उरली ती म्हातारीकोतारी आणि समता. भिमाबाईनं पांढरं लुगडं नेसलं, टीव्हीवरचा रुमाल काढायला लावला आणि खाटेवर पाय लांब करून बसली. सकाळपासून गर्दीच गर्दी. निळे झेंडे आणि पांढरी लुगडी. ती एकेका चेहऱ्याला डोळ्यांनी धरायची आणि धरेपर्यंत कॅमेरा पुढे सरकायचा. चहा तिथंच प्यायली, जेवण तिथंच. समता म्हणाली, जरा डोळे मिटा, तर म्हणे, "तेवढ्यात आली त?"

दुपार कलली आणि धाब्यावर धपकन काहीतरी पडलं. त्यामागून आणखी दोन. पडद्यावरचं नागपूर थरथरलं आणि गेलं. नागसेनच्या तोंडात साखर काही पडली नव्हती. वानरांची टोळी आली होती, आणि त्यातला एक हुप्प्या छत्रीच्या काठावर बसून निवांत शेपटी सोडून राहिला होता. समतानं काठी घेऊन त्यांना हाकललं, पण तार तुटली होती. छत्री मान टाकल्यासारखी खाली झुकली. शेवटी समतानंच ती दोन्ही हातांनी उचलून धरली.

"आलं का आत्या?"

"नाई."

"आता?"

"आलं. गेलं. जरा आग्नेयेले ने."

"आग्नेय कोनती?"

"किसनरावच्या बाभळीकडं. हां. बस, तशीच थांब."

समता तशीच थांबली, उन्हात, छाती छत्रीच्या पाठीला टेकवून. खाली भिमाबाईच्या पडद्यावर एक पोरगी माईक घेऊन लोकांना विचारत होती, कुठून आलात, कसं वाटतंय. पोरीच्या डोक्यामागे एक पांढरी गोल कड दिसत होती. भिमाबाईनं ती ओळखली. टपावरची छत्री. छत्रीखाली गाडी, गाडीला लागून कुंपण. आणि कुंपणाच्या खांबाला रेलून एक बाई उभी होती, पांढऱ्या लुगड्यातली, वाळलेली, छातीशी फडक्यातलं गाठोडं धरून. एका पायावर.

भिमाबाई खाटेच्या काठापर्यंत सरकली. "आली."

"काय?" वरून समता.

"जनका आली."

वर्षभर उरावर बसलेला धोंडा उतरला. आहे. बाई आहे. अंगानं निम्मी झालीय, पण आहे. भिमाबाईला रडू आलं आणि तिनं ते पुसून टाकलं, कारण डोळ्यांत पाणी आलं की चित्र विस्कटत होतं. आणि मग तिला दिसलं की जनकाबाई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ती रस्त्याकडे बघतेय, मान उंच करून, जिकडून वऱ्हाडातल्या जीपा येतात तिकडे. कुणी पांढरं लुगडं जवळून गेलं की हात उचलतेय आणि परत खाली घेतेय. मागच्या वर्षी आपण जिथं बसलो होतो तिथंच ही उभी आहे आणि तेच समजणार आहे जे आपण समजलो. भिमी गेली, असंच समजणार.

"समते, नागसेनले फोन लाव. लवकर."

 वरून समता म्हणाली, "आत्या, फोन कोनाड्यात हाय, चार्जिंगले. खाली या लागंन. छत्री सोडली त चित्र जाईन."

कोनाडा समोरच्या भिंतीत होता. पाय धड असता तर भिमाबाईला तिथवर चार पावलं. तिनं कोनाड्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. कॅमेरा अजून तिथंच होता. वर्षभर या एका दर्शनासाठी ती झुरली होती, आणि ते आता समोर आलं होतं. अजून पोटभर बघूनही झालं नव्हतं. जनकाबाईनं पाय बदलला. गाठोडं या कुशीतून त्या कुशीत घेतलं. जड असणार, यंदा तांदूळ जास्त आणलेला दिसतो. उन्हं उतरू लागली होती आणि तिची गाडी संध्याकाळची.

"सोड," भिमाबाई म्हणाली.

"नक्की?"

"सोड म्हणते ना."

चित्र एकदा हाललं आणि पडदा काळा झाला. जिन्यावरून समता धावत आली. नागसेनचा फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. त्या दिवशी तिथं कुणाचाच फोन लागत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं, तरी समता लावत राहिली आणि भिमाबाई काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग एकदम घंटी वाजली, आणि माणसांच्या कल्लोळातून नागसेनचा आवाज आला, "हाव मावशी, बोला."

"छत्रीवाल्या गाडीपाशी जाय. कुंपनाले एक बाई उभी हाय, एका पायावर. तीच जनका."

"गाडी दिसून राह्यली इथून. जातो. काय सांगू त्याईले? जोरात बोला, आवाज कटून राह्यला."

काय सांगू. दोन वर्षांचं सांगायचं साठलं होतं. पाय मोडला ते, डाळ ठेवलीय ते, मागच्या साली अंधार पडेपर्यंत बसले ते, तू मेलीस असं वाटून रोज मरत होते ते. समता बाजूनं खुणावत होती, नंबर घ्यायला सांगा, नंबर. भिमाबाईनं दोन्ही हातांनी फोन धरला.

"तिले म्हन, भिमी हाय. भिमीनं पाह्यलं तुले." तिनं फोन तोंडाजवळ ओढला. "अन म्हन, आता नको थांबू. जाय वं बगळे, गाडी चुकीन तुही."

पलीकडचा कल्लोळ तुटला होता, फोन कधी कटला ते कळलं नाही. समतानं हात पुढे केला, पण भिमाबाईनं फोन कानापासून काढला नाही.