बंदुकीवरची काच

मी काच बोलतेय. आरशाची नव्हे, चष्म्याचीही नव्हे. बंदुकीच्या पाठीवर बसणारी काच. आकाराने काडेपेटीएवढी, किंमत मात्र विचारू नका. पोटात बॅटरी असते आणि डोळ्यापुढे धरलं की माझ्यात लाल ठिपका तरंगतो. ठिपका पक्ष्यावर आला की चाप ओढा, पक्षी खाली. असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. खोक्यावर काय, काहीही छापतात.

मला आणलं अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या व्हर्लिन टॉर्गर्सनने. वय सत्तरीपार. गेल्या शिकारीच्या हंगामात त्याला एकही फेझंट, म्हणजे रानकोंबड्यासारखा लांब शेपटीचा पक्षी, मिळाला नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरने "नजर चांगली आहे" म्हणून सांगितलं, पण घरच्यांना डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. मुलगी मार्लिसने ठरवूनच टाकलं होतं की यंदाही नेम चुकला तर बाबांनी मक्यातून पक्षी उठवत जाणाऱ्या शिकाऱ्यांच्या रांगेत चालायचं नाही. मक्याच्या टोकाला म्हाताऱ्यांबरोबर उभं राहायचं. तिथे थर्मासमधली कॉफी मिळते आणि गुडघेदुखीच्या गप्पा. व्हर्लिनला त्यापेक्षा मरण बरं वाटत होतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळे नारिंगी जाकिटं चढवून शेतात उतरले. शेजारच्या डेल्बर्टने मला पाहिलं.

"व्हर्लिन, बंदुकीवर टीव्ही बसवलास होय? मॅच लागली की सांग."

"आधी स्वतःचा चष्मा पूस," व्हर्लिन म्हणाला.

व्हर्लिनची कुत्री मक्यात शिरली आणि पक्षी फडफडत उठला. "कोंबडा!" कुणीतरी ओरडलं, म्हणजे नर आहे, मारा; मादी मारायला बंदी आहे. व्हर्लिनने एक डोळा मिटला आणि माझ्यात ठिपका शोधू लागला. अहो, माझ्याकडे बघायचं नसतंच मुळी. दोन्ही डोळे उघडे ठेवून पक्ष्याकडे बघायचं, ठिपका आपणहून मध्ये येतो. पण एवढे पैसे ओतल्यावर माणूस बघणार कुणाकडे? ठिपका सापडेपर्यंत बंदूक जागीच थांबली आणि छर्रे शेपटीमागून गेले. दुसऱ्या पक्ष्याचंही तेच झालं.

"बाबा, ही मक्याची ओळ संपली की तुम्ही टोकाला थांबा," मार्लिस म्हणाली. "कुत्रीला मी घेऊन जाते."

त्याने बंदुकीत नवी काडतुसं भरली. मला फार वाईट वाटलं, पण काचेचं कोण ऐकतं?

त्यात माझी बॅटरी संपली. आठवडाभर रोज सराव झाल्यावर तो मला विझवायला विसरत होता. ओळीच्या शेवटी कोंबडा उठला, बंदूक खांद्याला लागली आणि माझ्यात बघायला काहीच नव्हतं. मग त्याचे डोळे जन्मभर जिथे गेले तिथेच गेले, पक्ष्यावर. एका बारात कोंबडा खाली.

"कुठून घेतलीस रे?" डेल्बर्टने विचारलं. "मलाही मागवून दे."

"बघितलंत बाबा? यंत्र ते यंत्र," मार्लिस म्हणाली. "आता चाला रांगेत, कोण अडवतंय?"

व्हर्लिनने माझ्यात डोकावलं. ठिपका नव्हता. बाहीने मला पुसत तो म्हणाला, "हो, यंत्र चांगलंच आहे."

नाताळला मार्लिसने बॅटऱ्यांचं पाकीट दिलं. ते ट्रकच्या खणात तसंच आहे. मी आंधळीच बंदुकीवर बसते, तो रांगेत चालतो, पक्षी पाडतो आणि शाबासकी मला मिळते. काही न करता कौतुक खाणं वाईट नसतं. पुष्कळ माणसांचं त्यावरच चालतं.

विनंती एवढीच, मार्लिस भेटली तर माझी भरपूर स्तुती करा. माझ्यात उजेड नाही हे मात्र तिला सांगू नका. कळलं तर ती त्याला पुन्हा टोकाला उभं करेल, आणि बापाच्या नजरेवर तिचा विश्वास बसेपर्यंत म्हाताऱ्याचे पाय थकलेले असतील.