कॅसेटमधली घंटा

बॅप्टिस्टला इस्पितळातून घरी आणलं, तेव्हाच भुईगावात सगळ्यांना कळलं की आता औषधाचं काम संपलं. फादर येऊन मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले. मुलगी ग्रेसी सासरहून येऊन उशाशी बसली. आला नव्हता तो फक्त धाकटा भाऊ ॲन्सेल्म. दोघांच्या घरांमध्ये एक केळीची वाडी होती आणि एक सामाईक विहीर. त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एका उन्हाळ्यात भांडण झालं आणि पाण्यावाचून ॲन्सेल्मची केळी जळाली. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

मी ॲन्सेल्मला समजावून पाहिलं.

"सर, तुम्ही पोरांना शिकवा," तो म्हणाला. "मी जाईन. पन त्यानं डोळं मिटल्यावर."

आमच्या आळीत एक जुनी रीत होती. मयत उचलण्याआधी, ज्याचं त्याच्याशी वाकडं असेल त्यानं पायाशी उभं राहून म्हणायचं, 'आपल्यात आता काही राहिलं नाही.' ॲन्सेल्म त्याचीच वाट पाहत होता. मला वाटे, असं बोलणं ऐकायला समोरचा जिवंत असावा. पण चाळीस वर्षं शाळेत शिकवूनही ही गोष्ट कुणाला शिकवता येत नाही.

शनिवारी दुपारी मुलं माझ्या ओटीवर अपूर्णांक सोडवत होती. तेवढ्यात घंटेचा टोला पडला. मग इतका वेळ शांतता, की वाटावं संपलं. मग दुसरा टोला. मुलं पाट्या खाली ठेवून उभी राहिली. किंजल तेवढी बसून होती. तिचे आईवडील नुकतेच इथे राहायला आले होते.

"सर, चर्चमध्ये पूजा आहे का?"

"नाही बेटा. कुणी गेलं की घंटा अशी सावकाश वाजवतात. ऐकणाऱ्यानं हातातलं काम थांबवायचं आणि त्या माणसासाठी देवाकडे मागायचं."

"ओळखीचा नसला तरी?"

"तरी."

"पण मला तुमची प्रार्थना येत नाही."

"तुला येते ती म्हण. पोचते."

तिनं हात जोडले. त्याच वेळी रस्त्यावरून ॲन्सेल्म गेला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, हातात फावडं तसंच. तो भावाच्या घराकडे चालला होता. मी मनात म्हटलं, गेला बॅप्टिस्ट.

पुढचा टोला पडला आणि त्याच्यामागून जमीन घासत यावा असा जाड, खरखरीत आवाज उठला.

"सर, घंटेमागे म्हैस हंबरतेय!" ऋतिका म्हणाली. सगळी हसली.

मग माझ्या ध्यानात आलं. चर्च एका बाजूला, आवाज येतोय दुसऱ्या बाजूनं. मी चप्पल घातली आणि ब्रायनचं घर गाठलं. तो लग्नकार्याला स्पीकर भाड्यानं द्यायचा. अंगणात माझ्या उंचीची खोकी उभी होती आणि तो डोळे मिटून त्यांच्यासमोर उभा होता. मी खांदा हलवला तेव्हा त्यानं टेप बंद केला.

"काय लावलंस हे?"

"ग्रे लेथ, सर! इंग्लंडचा बँड. पहिलाच अल्बम आहे. मामेभावानं बर्मिंगहॅमहून पाठवला. यात ड्रमरच नाही, मशीन वाजतं. न थकता! उद्याच्या लग्नाचे स्पीकर तपासतोय. एवढा खालचा आवाज दुसऱ्या कशात नाही."

"आणि घंटा?"

"घंटा कुठे? लोखंडी पाइप आहे. गाणाऱ्याचा बाप ज्या कारखान्यात होता तो बंद पडला. पाडायच्या आधी यांनी आत जाऊन हातोड्यानं पाइप वाजवला आणि रेकॉर्ड केला. म्हणजे सर, एका अर्थी ती घंटाच आहे."

"एका अर्थी नाही, बाबा. तुझ्या पाइपावर अख्खं गाव गुडघे टेकून बसलंय. आणि ॲन्सेल्म बॅप्टिस्टकडे गेलाय."

ब्रायनचा चेहरा उतरला. तो माझ्याआधी धावला.

बॅप्टिस्टच्या अंगणात जपमाळा घेऊन दोन-तीन बायका पोचल्या होत्या. मी त्यांना हातानंच थांबवलं. बाहेरच्या खोलीत खाटेवर बॅप्टिस्ट झोपला होता, मयत वाटावा असाच. ॲन्सेल्म पायाशी उभा होता, खाली मान घालून. ब्रायन पुढे होणार तेवढ्यात मी त्याचा दंड धरला.

"आपल्यात आता काही राहिलं नाही," ॲन्सेल्म म्हणाला. मग रीतीपुरतं बोलून झालं तरी तो हलला नाही. "केळी पुन्हा लावता येत होती, बाप्टू. मीच लावली नाही. लावली तर राग जाईल, म्हनून जागा तशीच ठेवली."

बॅप्टिस्टनं डोळे उघडले. "कोन गेलं?"

फावडं जमिनीवर आदळलं. ग्रेसी पेजेची वाटी घेऊन आतून आली. "काका? तुम्ही?"

"घंटा... घंटा वाजली ना!"

"काका, माझी चूक," ब्रायन म्हणाला. "कॅसेट होती."

"आग लाव तुझ्या कॅसेटीला!" ॲन्सेल्म ओरडला. मग भावाकडे न बघता म्हणाला, "ते तुझ्यासाठी नव्हतं. मी मयताशी बोलत होतो."

बॅप्टिस्टला दम लागत होता. त्यानं एकेक करून दोन्ही हात छातीवर घेतले, शवपेटीत ठेवतात तसे, आणि डोळे मिटले.

"घे. मेलो. बोल पुढं."

कुणी हसलं नाही. ॲन्सेल्मनं खाटेच्या पायथ्याची पट्टी घट्ट धरली.

"त्या रविवारी पाळी माझीच होती. मी विहिरीवर आलो, तर तू..."

"सोमवार होता," बॅप्टिस्ट डोळे मिटूनच म्हणाला.

"गप. मयतानं बोलायचं नसतं."

ग्रेसीनं पेजेची वाटी ॲन्सेल्मच्या हातात दिली आणि आमच्या तोंडावर हळूच दार ओढून घेतलं.