चौदा मीटर, बारा सेकंद

शनिवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. स्थळ, टपाल कचेरीपुढचा चौक, पश्चिमेकडचा पदपथ. नगरपालिकेत सिग्नलच्या वेळा ठरवणारे अभियंते आपल्या आईसह येथे उपस्थित झाले होते, ते एक सिद्धांत सिद्ध करण्यासाठी. हा रस्ता बारा सेकंदांत ओलांडता येतो, आणि ज्याला येत नाही त्याने दोष रस्त्याला देऊ नये, असा तो सिद्धांत.

वादाचे मूळ समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर होते. तेथे आईची थोरली बहीण राहत असे. तिचे गुडघे जिना उतरू देत नसत, म्हणून आईच रोज पलीकडे जाई आणि दोघी पत्ते खेळत. नवा सिग्नल लागला त्याच्या आदल्या दिवशी एक डाव अर्धा राहिला होता. दोघींचे पत्ते टेबलावर पालथे, वर एकेक बशी. आईच्या हातात इतकी चांगली पाने आयुष्यात आली नव्हती. आणि त्या गोष्टीला आता अठरा दिवस झाले होते.

"पूर्वी मी हात वर केला की गाड्या थांबायच्या," आई म्हणाली. "आता त्यांना हिरवं दिसलं की माझ्या हाताला कोण विचारतंय?"

"अगं आई, रुंदी चौदा मीटर. माणूस सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर चालतो. भागाकार कर. वर थोडी सवलतही दिली आहे मी!"

आईने भागाकार केला नाही. दिवा लागताच अभियंत्यांनी स्टॉपवॉच दाबले आणि निघाले. नऊ सेकंदांत पलीकडे. पुढच्या दिव्याला परत, तेही नऊ सेकंदांत.

"तू पळालास."

"चाललो."

"कुत्रं मागे लागल्यासारखा पळालास. यांना विचार हवं तर."

किल्लीवाल्याच्या दुकानापुढे स्टुले मांडून दोघे बसले होते: काठी टेकलेले निवृत्त पोस्टमास्तर, आणि जुळ्यांची बाबागाडी सांभाळणारी एक शिंपीण. किल्लीवाल्याने न विचारताच तिसरे स्टूल पुढे सरकवले, आणि आई त्यावर हक्काने बसली.

"अध्यक्षीणबाई, आज उशीर केलात," पोस्टमास्तर म्हणाले.

"कसली अध्यक्षीण?" अभियंत्यांनी विचारले.

"अर्धा रस्ता मंडळाची. जे निघतात आणि दिव्याचे उतरते आकडे बघून माघारी येतात, ते सगळे सभासद. आपण कोण?"

"माझा मुलगा," आई म्हणाली. "सिग्नलवाला."

शिंपिणीने बाबागाडी किंचित मागे ओढली.

"बरं झालं भेटलात," पोस्टमास्तर म्हणाले. "सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर चालणारा तो तुमचा माणूस राहतो कुठे? पस्तीस वर्षं टपाल हाताळलं साहेब मी, त्याच्या नावाचं एक पत्र आलं नाही."

"तो सरासरी माणूस आहे," अभियंते तापले. "व्यक्ती नव्हे! आणि वेळ वाढवली तर गाड्या उभ्या राहतील, धूर होईल. ही सगळी योजनाच हवा स्वच्छ व्हावी, लोकांनी चालावं म्हणून आहे."

"मी परवा दवाखान्यात गेलो. तो बघा, समोर. टॅक्सी केली."

"रस्ता ओलांडायला टॅक्सी?"

"पुलावरून वळसा घेऊन. पाऊण तास लागला, पण धूर तुमच्या चौकात नाही झाला, एवढं खरं."

शिंपीण फिसकन हसली. अभियंत्यांनी आईची पिशवी खांद्याला लावली, तिचा हात धरला आणि म्हणाले, "चल. तुझ्या चालीने."

हिरवा दिवा लागला. आईने पदपथाची कड उतरताना एक पाय ठेवला, मग दुसरा. दोन सेकंद तेथेच गेले. हे भागाकारात नव्हते. आकडे उतरू लागले: नऊ, आठ, सात. अभियंत्यांना आपला रस्ता प्रथमच रुंद वाटला. पाचाचा आकडा दिसला तेव्हा ते जेमतेम पाव रस्त्यावर होते. डावीकडे एका बसने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि अभियंत्यांचे पाय, त्यांना न विचारता, मागे वळले. आईला जवळजवळ उचलूनच त्यांनी पदपथ गाठला.

समोरच्या इमारतीच्या खिडकीत मावशीने कपाळावर हात मारला.

"या, सभासद," म्हणत किल्लीवाल्याने चौथे स्टूल काढले.

अभियंते बसले. बराच वेळ त्यांनी घाम पुसला. मग वही काढली आणि एकेकाला सावकाश चालायला लावून पदपथावर चौदा मीटर मोजले. आई, बावीस सेकंद. शिंपीण बाबागाडीसह, वीस. पोस्टमास्तर, सव्वीस, त्यांनी मध्ये थांबून एक टोमणा मारला, तोही धरून.

सोमवारी कचेरीत सिग्नलची वेळ बदलण्याचा अर्ज भरताना कारणाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'सरासरी माणूस जागेवर आढळला नाही.' वरिष्ठांनी दोनदा वाचून सही केली.

मंगळवारी सकाळी आई अभियंत्यांसह निघाली तेव्हा खांबावर अठ्ठावीसचा आकडा होता. मध्यावर ती थांबली, सवयीने आकड्यांकडे पाहिले, पदर सारखा केला आणि पुढे चालू लागली. पलीकडची कड चढली तेव्हा चार सेकंद शिल्लक होते. मागून येणाऱ्या पोस्टमास्तरांनी काठी उंचावून गाड्यांना उगाचच दम दिला.

जिना चढून मायलेक आत गेले. टेबलावर दोन बशा जशाच्या तशा होत्या. आईने आपली बशी उचलली, पत्ते हातात पसरले, मग बहिणीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. बहीण खिडकीबाहेर बघू लागली.

"मग आई?" अभियंत्यांनी अधीर होऊन विचारले. "कसं झालं?"

"रस्ता ठीक झाला," आई म्हणाली. "हिने पत्ते पाहिलेत."