आमसुलाने उजळलेला पत्रा

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना पत्रा. छपरावर खडखडतो तो नव्हे बरं का! माझ्या अंगावर चित्र कोरलेलं होतं. होतं, असंच म्हणायला हवं.

अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एतिएन आणि मार्गरीत या भावाबहिणींनी मला गोष्टींच्या एका पुस्तकासाठी घडवलं. माझ्या रेघांत शाई भरून ओला कागद दाबला की चित्र छापून निघे. चित्रात बायका किनाऱ्यावर होड्यांची वाट पाहत होत्या. भावाने घरं, होड्या खोल कोरल्या. चेहरे मात्र बहिणीने. केसाहून बारीक रेघा! श्वास रोखून कोरायची बिचारी. आणि खाली नाव कोरलं ते एकट्या भावाचं. तशीच रीत होती म्हणे. जळो ती रीत!

पुस्तक खपलं, वाहवा झाली, मग मी भंगारात गेलो. जहाजांतून फिरत फिरत दोनेकशे वर्षांनी रत्नागिरीला पोचलो. तिथे गुणाजी खलाशाने मला जुन्या बाजारातून घरी आणलं. त्याची बायको गोदूबाई चित्र बघून हरखली. "ह्या बाया पण माझ्यासारख्याच वाट बघतायत," म्हणाली, आणि तिने मला देव्हाऱ्यात देवांखाली ठेवलं. गुणाजी समुद्रावर गेला की ती त्या चेहऱ्यांशी बोलत बसे. दर सणाला आमसूल नि राख घेऊन मला लख्ख घाशी. शेजारणी म्हणत, "काय चकाकतोय गो तुझा पत्रा!" मीही फुगायचो. मूर्ख कुठला!

वर्षं गेली. गोदूबाईची नजर अधू झाली. परवा तिची लेक श्रद्धा, जी चित्रकला शिकते, म्हणाली, "आये, ह्याच्यावरून चित्र छापता येईल!" आपल्या बायका पुन्हा ठळक दिसणार म्हणून गोदूबाईने स्वतः देव हलवून मला तिच्या हाती दिलं.

श्रद्धाने शाई भरली, कागद दाबला, उचलला. घरं आली, होड्या आल्या, भावाचं नाव तर ठसठशीत. चेहऱ्यांच्या जागी कोरा कागद.

गोदूबाईने कागद डोळ्यांजवळ धरला. "ह्यांची तोंडं कुठं गेली गो?"

श्रद्धाने पत्र्यावरून बोट फिरवलं; चेहऱ्यांच्या जागी सारं गुळगुळीत. तिची नजर आईच्या हातांकडे गेली.

"मीच घासून घालवली गो!" म्हणत गोदूबाई रडू लागली. मायेनेच घासत होती हो ती. तिच्यावर रागवू तरी कसा?

डोळे पुसून तिने विचारलं, "कोणी काढल्या होत्या ह्या बाया?"

श्रद्धाने खालचं नाव वाचलं. "ह्या माणसानं. एतिएन."

मला ओरडावंसं वाटलं, पण पत्र्याला बोलता येतं का! म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतो. जुनी वस्तू उजळण्याआधी तिच्यावर काय आहे ते नीट पाहा, जाणत्याला विचारा. आणि ते चेहरे मार्गरीतने कोरले होते. चेहरे गेले ते गेलेच. तिचं नाव तेवढं विसरू नका.