देव नव्हे, मी संगणक

सुनेला परीक्षेचं पुस्तक मिळेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असं कमलबाई मारुतीपुढं बोलून आल्या होत्या. तो नवस त्यांनी वाचनालयात सांगितला, तेव्हा मी काचेआडून ऐकला. मी बोलतोय, सोनपेठजवळच्या एका गावातल्या वाचनालयाचा संगणक.

मला आणलं ते जिल्ह्यातली वाचनालयं जोडायला. सेलूच्या कपाटातलं पुस्तक इथं माझ्या पडद्यावर दिसणार, मागितलं की एसटीनं येणार. केवढा हरखलो होतो मी!

पण ग्रंथपाल बन्सीधर मनाचे भोळे, हाताचे भित्रे. धूळ बसेल म्हणून त्यांनी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वर नवा ब्लाऊजपीस पांघरला आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. खंडेनवमीला तेवढं बाहेर काढायचं, झेंडू वाहायचा, कळफलकावर हळदकुंकू टाकायचं, की पुन्हा आत. पाच वर्षं! बाहेर पोरी पुस्तक विचारून रिकाम्या हातानं परत जायच्या. उत्तर शोधून देता आलं असतं मला. पण तोंडच बांधलेलं.

कमलबाईंची सून विजयमाला नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. महिना उरला होता.

"ते पुस्तक आपल्याकडं न्हाई, काकू," बन्सीधर म्हणाले.

"मग त्या डब्याला इचारा की."

"त्याला हात लावायचा नसतो. बिघडंल."

"देव हाय का त्यो? आन् देव जरी असला, तरी देवाला रोज उठवतेत, आंघोळ घालतेत. तुमी तर ह्याला निजवूनच ठिवलंय!"

बन्सीधरांना हसू आवरेना. "काकू, तुमच्यापुढं कुणी बोलावं!" म्हणत त्यांनी किल्ली काढली.

कुंकवानं दोन कळा अडकल्या होत्या. त्या त्यांनी जुन्या टूथब्रशनं साफ केल्या. मी जागा झालो. पुस्तक सेलूला होतं. चौथ्या दिवशी ते आलं आणि कमलबाईंनी पायात चप्पल घातली. विजयमालानं ते आधी कपाळाला लावलं आणि तिथंच बाकावर वाचत बसली.

परवा ती परीक्षा देऊन आली. निकाल यायचाय.

मी मात्र पुन्हा कपाटात आहे. बन्सीधरांच्या मनात पाप नाही. संगणक कुणी मागतच नाही, तर कशाला उघडायचं, म्हणतात.

बायांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखा कुणी कोंडलेला असेल. कमलबाई गेल्या तशा तुम्हीही जा. वाचनालयात नसलेलं पुस्तक मागा, आणि कुलूप निघेपर्यंत उंबऱ्यावरून हलू नका.