बावन्नच्या टीमचे पाय

मलकापूरच्या विजय फुटबॉल क्लबाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा अध्यक्ष शेषरावांनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं आणि काम दिलं पंजाबरावाला. दुसऱ्या कोणाला देणार? क्लबाच्या साऱ्या निगेटिव्ह त्याच्याच स्टुडिओत होत्या. पंजाबराव तोंडाने "हो साहेब" म्हणाला. सतरा वर्षं तो याच दिवसावर टपून बसला होता.

सन बावन्नच्या फायनलला खामगावविरुद्धचा एकुलता एक गोल त्याच्या डाव्या पायाचा. ढाल मिळाली, आणि फोटोच्या वेळी कॅप्टन शेषरावाने त्याच्या अंगातला सदरा उतरवून आपल्या मेहुण्याला घातला. फोटो बड्या लोकांच्या दिवाणखान्यात लागणार. तिथे वस्तीतला पोरगा कसा चालेल? आज त्या वस्तीला बौद्धवाडा म्हणतात. तेव्हा जे म्हणत, ते पंजाबराव तोंडावर आणत नाही. तो उघड्या अंगाने कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिला, आणि हे यंत्र आपण शिकायचंच, असं त्याने तिथेच ठरवलं.

तो फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरच्याच हाताखाली तो राबला आणि म्हातारा गेल्यावर स्टुडिओ त्याने चालवायला घेतला. क्लबात टांगलेला बावन्नचा फोटो गुडघ्यापाशी कापलेला होता. मूळची पुरी काचेची निगेटिव्ह पंजाबरावाने उजेडात धरली आणि एकटाच खदखदून हसला. तेव्हा सगळी टीम अनवाणी खेळायची, घोट्याला चिंध्या गुंडाळून. दहा जणांचे पाय चिखलाने बरबटलेले, आणि मेहुण्याच्या पायात लग्नातले चकचकीत बूट!

तो फोटो त्याने मोठा केला आणि दारासमोरच लावला. खोटं काही केलं नाही. फक्त कात्री लावली नाही.

उद्घाटनाला गाव लोटलं. जुना गोलकीपर गुलाबराव चष्मा पुसत फोटोला नाक लावून उभा राहिला.

"अबे, हा बूटवाला कोन? आपल्यात बूट होते कोनापाशी?"

"शेषरावचा साळा हाये तो," मागून कोणीतरी म्हणालं. "त्यानं तं जिंदगीत बॉलले पाय नाई लावला."

"मंग गोल कोनं मारला होता?" एका पोराने विचारलं.

गुलाबराव वळला आणि त्याने पंजाबरावाकडे बोट दाखवलं. "यानं मारला. अन् आमी सारे मुकाट पाहत राह्यलो."

शेषरावांचं तोंड काळंठिक्कर पडलं. एवढ्याने आपलं पोट भरेल असं पंजाबरावाला वाटलं होतं. कसलं भरतंय! भूक उलट जास्तच खवळली.

मग क्लबाचा नवा ग्रुप फोटो काढायची वेळ आली. मधल्या खुर्चीत बसायची शेषरावांची छाती होईना. ते ओळीच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिले. पंजाबराव काळ्या कापडात शिरला. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळा क्लब उलटा दिसत होता. खाली डोकं, वर पाय. टोकाला शेषराव वटवाघळासारखे लोंबत होते. पंजाबरावाने कॅमेरा बोटभर वळवला. शेषराव काचेबाहेर गेले.

"पंजाबराव, मी येऊन राह्यलो ना फोटोत?" शेषरावांनी विचारलं. एरवी ते त्याला नुसतं पंजाब म्हणत. आज आवाजात अजिजी होती.

"हाव साहेब, बराबर येऊन राह्यले," पंजाबराव मोठ्या मायेने म्हणाला. "फक्त हालू नका."

शेषराव हालले नाहीत. श्वास रोखून, छाती पुढे काढून, फोटो निघेपर्यंत तसेच उभे राहिले.